सतरा अंश

कॅन्ससमधला वारा थांबत नाही,
नुसता दम खातो.
तेवढ्यात उडवून घ्यायचं असतं.

चार महिने गॅरेजात मी दोन नळ्यांची
सोयरीक जुळवत होते.
हातात उचलली तर सुटू नये
आणि वेळ आली की अडू नये,
एवढंच मागणं.
मास्किंग टेपचा एक थर चढवला, घट्ट झालं.
काढला, डगडगलं.
शेवटी अर्ध्या थरावर निभावलं.
अर्धा थर म्हणजे काय, ते विचारू नका.

पॅराशूटच्या घड्यांत कॅरमची पावडर भुरभुरवली.
बेबी पावडर लावतात म्हणे. घरात कॅरमचीच होती.

गव्हाची कापणी झालेलं रान. खुंट बुटांना टोचतात.
कुंपणापलीकडे गाई, आमच्याकडे पाठ करून.
तपासणीच्या टेबलाशी व्हर्लिन क्लासन,
सत्त्याहत्तर वर्षांचा, कानामागे पेन्सिल.
त्याने वरची हलवून पाहिली, खालची हलवून पाहिली,
वजनकाटा वाचला, मग मला वाचलं.
"तिरकी गेली तर?"
वरची पेटणार नाही.
"ते कोण ठरवणार?"
तीच. पंधरा अंशांपर्यंत हो, पुढे नाही.
"शिकवलं कोणी?"
मी, म्हणाले,
ज्याच्या अंगणात अजून चोर शिरला नाही
त्याने कुत्र्याची तारीफ करावी, तशी.

खरं तर आकडा वीस होता.
दिवसभर विचिटात विमानांचे रिव्हेट तपासते मी,
नापासचा शिक्का हाताच्या सवयीचा.
आदल्या रात्री ओट्याशी उभ्याउभ्या, चहा निवत असताना,
विसाचे पंधरा केले.

खालची पेटली.
धूर आधी, आवाज मागून,
आवाजाच्याही मागून मी.
चढली, सरळ, सरळ, आणि वर कुठेतरी
वाऱ्याने नुसतं बोट लावावं तशी मान कलली.
खालची सुटली
(अर्ध्या थराने दगा दिला नाही)
आणि वरची पुढे निघाली, एकटी.

आता.
आता.
लोरेटाने कॅमेरा धरलेला, तोंड उघडं.
आता.

निळ्यात एक पांढरी काडी,
न पेटवताच फेकलेली.

"विझली का गं?" लोरेटा म्हणाली.
पेटलीच नाही ती विझेल कशी,
पण मी बोलले नाही.
असल्या गोष्टीसाठी पन्नाशीतल्या बाईच्या डोळ्यांत पाणी येऊ नये.
आलं. गॉगल होता.

माथ्यावर जाऊन ती वळली, छोटी छत्री उघडली,
बरीच खाली आल्यावर मोठी, नारिंगी,
आणि कॅरमची पावडर क्षणभर उडाली,
कोणीतरी वर डाव मांडल्यासारखी.

पाऊण मैल चालले.
खुंटांत आडवी पडली होती, नाकाला माती, बीप करत:
चार, मग थांबणं, एक, थांबणं, सात, थांबणं, दोन.
उंची सांगत होती, फुटांत.
तिचं सांगून होईपर्यंत हात लावला नाही.
मग आतली वीज तोडली, इग्नायटर ओढून काढला.
मोटर सकाळी होती तेवढीच जड.

लॅपटॉपवर आलेख उघडला तेव्हा
मागे व्हर्लिन, श्वासाला पुदिन्याच्या गोळीचा वास.
सुटताना कल: सतरा अंश.
वीस असते तर पेटली असती.
कुंपणाकडे गेली असती, गाईंकडे, देव जाणे कुठे,
नाहीतर सुखरूप वर,
आणि मी आत्ता लोरेटाला धरून नाचत असते.

व्हर्लिनने नोंदवहीवर पेन्सिल टेकवली.
"काय लिहू?"
लिही, तिने ऐकलं.
त्याला रकाना नव्हता.
त्याने उंची लिहिली,
पेन्सिल कानामागे ठेवली,
"मोटर तर शिल्लक आहे की," म्हणाला,
आणि टेबलावरचे कागद उडायला लागले.