एका बाजूचं प्रक्षेपण

नऊ कॉलेजं, नऊ जिमखाने,
त्यातल्या चारांच्या बास्केटला जाळी नाही.
गारगोटी, मुरगूड, कोडोली, नेसरी, आणखी पाच.
सहा वर्षं मी त्यांचा सचिव, म्हणजे
शिट्टी माझी, पावतीपुस्तक माझं,
आणि केळी कमी पडली तर शिव्याही माझ्याच.

सहा वर्षं राजारामपुरीतल्या केबलच्या हापिसाचा
जिना चढलो. सादिक मुजावर चहा सांगायचा,
म्हणायचा, सर, कोल्हापुरात खेळ दोनच,
एक मातीतला, एक पायातला.
तुमचा हातातला, तोही उड्या मारत. कोण बघणार?
मी म्हणायचो, आधी दाखव तर.

औंदा आला तो. तीन ते पाचची वेळ,
एक कॅमेरा, एक तिकाटणं,
आणि घरनं आणलेली प्लास्टिकची खुर्ची.
अख्खं मैदान मावंना झालंय सर,
कुठलं तरी एकच बास्केट घ्या, म्हणाला.
मी चिंचेकडचं घेतलं.
तिकडं सावली होती, ऊन भिंगात जात नव्हतं.
हे मी सगळ्यांना सांगितलं, आणि ते खरंच आहे.
पहिल्या हाफात तिथं मुरगूडच्या पोरी बॉल टाकणार
हे नाणं पडल्यावर कळलं.
मी मुरगूडचा, हे मात्र
मला आधीपासून ठाऊक होतं.

वैजयंता कुरणे. गारगोटी, सात नंबर,
उंची पाच फूट एक.
पहिल्या हाफात पंधरा पॉइंट,
सगळे पलीकडच्या टोकाला,
जिथं वसतिगृहाच्या गच्चीवरची वाळत घातलेली कापडं
आणि एक पांढरं कुत्रं
एवढेच प्रेक्षक होते.
अलीकडं यायची ती फक्त अडवायला,
श्वास छातीत मावत नसलेली,
दोन्ही हात वर.

हाफनंतर बाजू बदलल्या.
आता ती येणार चिंचेकडं, म्हणून मी
स्वतः चिंचेची पडलेली पानं झाडून घेतली.
तेवढ्यात सादिकचा फोन वाजला.
दोन पेठांचा फुटबॉल पेनल्टीवर गेलाय सर,
वरून सांगितलंय. दहाच मिनिटं.

त्या दहा मिनिटांत गारगोटी तीन पॉइंटनी जिंकली,
कप वाटून झाला,
केळीही पुरली.

वैजयंताच्या आईचा फोन आला, पोरींनी स्पीकरवर टाकला.
बघितलं की! समद्या गल्लीनं बघितलं!
पर सारखी हात वर करून का हुबी हुतीस गं?
काय चुकलं हुतं काय तुझं?

पोरी हसत सुटल्या.
वैजयंता तर सिमेंटवर बसकण मारून हसली,
पोट धरून, बूट तसेच पायात.
मी मंडपवाल्याचं बिल
घडी घालून, उलगडून,
परत घडी घालत राहिलो.

सोमवारी जिना चढलो.
दोन कॅमेरे पाहिजेत, म्हणालो. आणि पूर्ण वेळ.
दुसऱ्याचे पैसे?
चटणीवाल्या भोपळ्यांना विचारतो.
आणि परत पेनल्टी आली तर?

सादिक खरंच विचारत होता,
टोमणा नव्हता त्यात.
मी कपातला चहा संपवला.
बशीत थोडा सांडला होता,
तोही.