लाइन क्लियर

छत्तीस वर्षं तारेखाली काढली मी.
तार तुटली की दिसते.
खालून उद्धव कुमरे ओरडायचा,
"भाऊ, डीपी बंद हाय, चढा!"
आणि मी चढायचो. कागद नंतर यायचा,
आधी त्याचा आवाज.

आता हे दोन शेंड्यांचं पांढरं डबडं,
सॉकेटात खोचलेलं,
मोहरीएवढा लाल दिवा.
ना तार, ना खांब.
इथं लाइन क्लियर घ्यायचं कोणाकडून?

राउटर पुढच्या खोलीत, कॅलेंडरच्या खिळ्याशेजारी.
मागच्या खोलीत शर्वरी, तिची नर्सिंगची परीक्षा.
मध्ये दीड हाताची मातीची भिंत, वर टिनपत्रे,
आणि भिंतीला चिकटून कूलर,
लोखंडी, पोटात साठ लिटर पाणी.
व्हिडिओतली बाई शिरेत सुई टोचायला जाते
आणि तिथंच थांबते.
सुई हवेत. वर चाक फिरतं.
मे महिन्याच्या दुपारी पोरगी ओट्यावर येते
उरलेली सुई पाहायला.

पहिली चूक माझी.
जिथं रेंज नाही तिथंच डबडं लावलं.
ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही
तो पुढे निरोप काय देणार?
उचललं, सैपाकघराच्या दाराशी आणलं,
कूलरपासून चार हात लांब.
लाल.

मग बारीक भोकात टोचून दहा मोजायचे.
टाचणी सापडेना.
वच्छलानं कानातलं काढून दिलं
आणि स्वतःच मोजायला बसली
पायलीनं ज्वारी मोजतात तशी:
लाभ, दोन, तीन...
दहाला दिवा विझला, परत लागला.
लाल.

पासवर्ड म्हणजे मी चढलेल्या शेवटच्या खांबाचा नंबर.
तो मी झोपेतही चुकणार नाही.
तीनदा टाकला.

दारव्ह्याच्या मुनेश्वरला फोन केला.
"काका, राउटर पाचवर बोलून रायला,
अन् तुमचं डबडं दोन-चारवरच ऐकते.
दोन्ही चालू करा."
केले. नाव दिसायला लागलं.
दिवा नारिंगी. जोडत आहे. जोडत आहे.
चहा झाला. जोडत आहे.

"यादी तं नाई लावली ना काका?"

लावली होती.
मागच्या उन्हाळ्यात पोरं भिंतीला टेकून
रात्री दोनपर्यंत गेम खेळायची,
तेव्हा मीच फर्मावलं, ओळखीचेच आत.
दहा जागा. दहाही भरलेल्या.
डबडं बिचारं सकाळपासून दार ठोठावत होतं
आणि मी डबड्यालाच शिव्या देत होतो.

"एखादा जुना काढा, जागा होईन."

वच्छला. शर्वरी. टीव्ही. जावईबापू.
सातवा: उद्धव कुमरे, जोडलेला नाही.

कावीळ. दीड वर्ष झालं.
संध्याकाळी ओट्यावर यायचा, बिडी विझवून,
जेसीबीचे व्हिडिओ पाहायचा तासन् तास.
एवढी मोठी मशीन माती उकरते
यात काय पाहायचं, मी विचारायचो.
"खड्डा, भाऊ. आपन हातानं खंदला नं."

अंगठा त्या नावावर गेला.
मुनेश्वर म्हणाला, "तोच काढा, बंदच दिसते."

बंद दिसते म्हणून हात लावायचा नाही,
हे त्याला कोणी शिकवलं नसावं.
वरचा माणूस खाली उतरला
हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय
डीपीचा दांडा हलवायचा नाही.
उद्धवला उतरताना मी पाहिलं नाही.
मी तेव्हा यवतमाळला होतो, दातांसाठी.

जावईबापूंना काढलं.

"अन् दिवाळीले येतीन तवा?" वच्छला.
"तवाचं तवा पाहू."

दिवा हिरवा झाला,
आवाज नाही, ठिणगी नाही,
हाताला झिणझिणी नाही.
मी सवयीनं वर पत्र्याकडे पाहून ओरडलो,
"चालू हाय!"

मागच्या खोलीतून शर्वरी म्हणाली,
"टोचली बाबा, टोचली एकदाची."