मागचं डावं चाक

ब्रेकमधली हवा काढायची तर सुरुवात
मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांब असलेल्या चाकापासून.
म्हणजे मागचं डावं.
हे मला दस्तगीर मुलाणीनं शिकवलं.
एकट्यानं जमत नाही, हेही त्यानंच.
एक माणूस खाली लागतो, एक वर.

दस्तगीर आज मिरजेला, नातीच्या अकीक्याला.
सन्मती पुण्यात. परवा फोनवर म्हणाला,
पप्पा, बावीस वर्षं झाली, भंगारात घाला की आता.
गुरुवारी पासिंग आहे.
म्हणजे वर त्रिशलाच.
आणि आम्ही बुधवारपासून बोलत नाही.

टाटा दोनशेसात. मूळची पांढरी.
वायपरची मोटर ओमनीची, डावा आरसा ट्रॅक्टरचा,
सीटला सोफ्याचं रेक्झिन,
पाट्यांत एक पान जादा, हळदीच्या पोत्यांसाठी.
पुराच्या वर्षी वारणेचं पाणी समडोळीत शिरलं
तेव्हा ही स्टेअरिंगपर्यंत बुडून चार दिवस उभी होती.
इंजिन खोललं, धुतलं, वायरिंग नवं ओढलं,
तरी अजून कुठलाही नट ढिला करा,
आधी चिमूटभर गाळ पडतो,
मग नट.

भिशीचे अठरा हजार
तिनं पिको-फॉलच्या मशीनसाठी ठेवले होते.
मी त्यांत पॉवर स्टेअरिंग बसवलं.
भंगारातल्या गाडीचं, ब्रॅकेट दस्तगीरनं वेल्ड करून दिलं.
खांदा दुखतो म्हणालो.
खांदा दुखतो, हे खोटं नाही.

हौदाजवळ गाडी, चाकाला वीट.
निपलला प्लास्टिकची नळी,
नळीचं दुसरं टोक काकवीच्या रिकाम्या बाटलीत.
मी पोत्यावर उताणा.
ती चढली. दार आपटलं.
माझ्या तोंडावर गाळ.

"दाब."
"दाबलंय."
"धर."
"धरलंय."
दहा नंबरचा पाना, पाव फेरा.
नळीतून काळपट तेल, त्यात बुडबुडे,
एकामागोमाग एक, लग्नाच्या पंगतीसारखे.
निपल आवळला.
"सोड."

हा क्रम चुकवायचा नाही.
आवळायच्या आधी पाय सुटला
तर निघालेली सगळी हवा परत आत.
चार दिवसांत आमच्यात
एवढे शब्द झाले नव्हते.
दाब, धर, सोड.
यांत भांडता येत नाही.
भांडायचं म्हटलं तरी कुठल्या शब्दावर?

दुसऱ्या चाकाला तिचा आवाज जरा खाली आला.
तिसऱ्याला मी "धर" म्हणायच्या आधीच
ती "धरलंय" म्हणाली.
मग बराच वेळ काही नाही.
मग वरून:
"सीट पुढं का आलीया?"

मी पाना निपलवर ठेवून पडून राहिलो.
डोळ्यासमोर चॅसीचा गंज,
जुन्या वेल्डिंगचा एक मणी,
फटीत हळद, अजून पिवळी.

"चार बोटं पुढं आलीया," ती म्हणाली.
"तुमचं गुडघं बसायचं न्हाईत हितं."

"सोडू नको," मी म्हणालो,
"अजून बुडबुडं येत्यात."

येत नव्हते.
तेल स्वच्छ होतं, मधासारखं.

चौथं चाक झालं. पेडल वरच धरलं.
"दगडावर पाय दिल्यागत लागतंय," ती म्हणाली.
मी बाहेर आलो, पाठ झटकली.
ती उतरली नव्हती.
एका हातानं स्टेअरिंग फिरवून बघत होती.
"हलत न्हाई की हे. अठरा हजाराचं."

"इंजिन चालू केल्यावर हलतंय."

तिनं काचेतून समोर बघत
हात बाहेर काढला, तळवा वर.
चावी माझ्या वरच्या खिशात,
ब्रेक ऑइलनं माखलेली.
शर्टाच्या आतल्या बाजूनं पुसली,
मग दिली.
आणि चाकाची वीट काढायला
परत वाकलो.