इली

वोलोसच्या बंदरावर, दोरखंडाच्या दुकानावरची खोली.
दर गुरुवारी सात वाजता आम्ही तिघं
आणि इव्हान्थिया बाई. निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली,
निवृत्ती काही अंगी लागली नाही.

पहिल्या दिवशी छापील पान वाटताना
लेखकाच्या नावावर त्यांनी चिकटपट्टी लावली होती.
म्हणाल्या, नाव दिसलं की माना डोलवाल,
वाक्य वाचणार नाही.

वाक्य चार ओळींचं. आम्ही त्यात पाच गुरुवार राहिलो.

मी बस डेपोत तिकिटं देते. मला वाटलं,
आपलीच तर भाषा, जरा वय झालेली.
पण ओळखीचा माणूस परगावच्या बाजारात दिसावा,
आपण हात करावा
आणि त्याने मागे वळून बघावं, कुणाला करतेय म्हणून,
तसे ते शब्द.

स्तामातिस टग बोटीवर इंजिन सांभाळायचा.
अर्थ आधी ठरवायचा, मग त्याला शब्द जोडायचा.
एकदा 'गार' गाळून पुढे गेला,
एवढंसं अव्यय, तांदळातल्या खड्याएवढं.
बाईंनी मागे आणलं: गार म्हणजे 'कारण'.
तीन आठवडे आम्ही ज्याला निष्कर्ष म्हणत होतो
तो पुरावा निघाला,
आणि निष्कर्ष वरच्या ओळीत मुकाट बसलेला.

दुसऱ्या ओळीत 'इली'.
मी म्हटलं, इली म्हणजे परीक्षेचा अभ्यासक्रम.
माझा मुलगा रोज रात्री म्हणतो, इली संपत नाही.
स्तामातिस म्हणाला, द्रव्य. जग ज्याचं झालंय ते.
अग्रोन काही बोलला नाही.
अग्रोन अल्बेनियातला, शकोदरचा.
ग्रीक शिकला परातीवर, शिव्यांपासून सुरुवात करून.
एकही शब्द त्याला वारशात मिळाला नव्हता,
म्हणून तो प्रत्येक शब्दासाठी कोश उघडायचा.
सिमेंटने चिरलेलं बोट ओळीवर ठेवून म्हणाला:
जंगल.
मग खाली सरकून: तोडलेलं लाकूड.
आणि हसला, कारण सकाळपासून तो
चेस्टनटच्या फळ्याच रंधत होता.

बाई म्हणाल्या, विचार करणाऱ्याला एक शब्द कमी पडला,
तो सुताराच्या अंगणातून उचलून आणला.
परत द्यायचा राहिला.

मग शेवटचं क्रियापद.
इकोदोमी: तो बांधतो.
इकोदोमीते:
स्तामातिस घाईने म्हणाला, घर बांधलं जातं.
बाई म्हणाल्या, रूप तेच, पण कर्ता बघ.
कर्ता घर नाही, माणूस आहे.
तो बांधतो, आणि बांधलेलं त्याच्याकडेच येतं.
आपल्या आजच्या बोलीत हे गेलं. जुन्यांकडे होतं:
एक पद दुसऱ्यासाठी, एक स्वतःसाठी.

बाहेर फेरी लागत होती, साखळीचा आवाज.
अग्रोनने विचारलं,
म्हणजे अठरा वर्षं मी पहिल्या रूपात आहे?
कुणी उत्तर दिलं नाही.
त्याने मोजायला सुरुवात केली: आग्रियामधली दोन,
डोंगरात डॉक्टरचं, दगडी,
तुमच्या मेव्हण्याचा वरचा मजला, स्तामातिस,
त्याचे पैसे अजून यायचेत.
स्तामातिस कोशात काहीतरी शोधू लागला.

पुढच्या गुरुवारी त्याच्या वहीत एकच शब्द होता,
कुणी न दिलेला गृहपाठ:
इकोदोमीसोमे.
मी बांधेन, माझ्यासाठी.
भविष्यकाळ बरोबर, रूप बरोबर, आघात जागच्या जागी.

बाईंनी लाल पेन्सिल घेतली
आणि सुरुवातीच्या स्वरावर नखाच्या चंद्राएवढी खूण केली.
श्वासाची खूण.
ती म्हणायची नसते, अग्रोन,
कुणालाही ऐकू येत नाही.
पण लिहायची.