चालू रीडिंग

काल महासभेत पाणीपट्टी माफ झाली,
म्हणजे अर्धी झाली.
सत्ताधाऱ्यांनी बाकं वाजवली.
विरोधक म्हणाले, मागणी आमची, चोरलीत,
आणि कुणीतरी महापौरांसमोर माठ फोडला.
रिकामाच होता. मी गॅलरीतून पाहिलं.

लेखाधिकारी उठले, म्हणाले,
गंगापूर धरणातून पाणी
आपल्या पायांनी चालत येत नाही,
पंपाला वीज लागते, विजेला बिल येतं.
तेवढ्यात त्यांचा माईक बंद पडला.
पडला की पाडला, यावर पुढचा पाऊण तास.

माझ्या पिशवीत सिडकोची तीनशे बारा बिलं.
साहेबांना विचारलं, यांचं काय करू?
ते जिना उतरता उतरता म्हणाले,
ठराव लेखी येईपर्यंत वाट...
पुढे 'बघ' म्हणाले की नुसतंच 'वाट',
गलक्यात ऐकू आलं नाही.
निघालो वाटायला.

क्षेमकल्याणी सर फाटकातच उभे.
पहिल्या आठवड्यात भरून सूट घेणारा माणूस,
अठ्ठावीस वर्षांच्या पावत्या तारेला टोचलेल्या.
माफ कशाला? मी काय गुन्हा केलाय?
उद्या नळाला गढूळ आलं
तर कुठल्या तोंडानं भांडू तुमच्याशी?
म्हटलं, सर, तुम्ही भांडाल.

शेजारचं मीटर सहा वर्षं ०४१७ वर अडलंय,
काचेआड पालीची अंडी.
मी दर खेपेला सरासरी लिहितो.
तेव्हा घरात पाच माणसं होती,
आता एकटी बाई.
सरासरी तीच.

पाथर्डी फाट्यापुढे, खाणीच्या उतारावर
चांगुणा भोयेनं हाक मारली.
ए पाणीवाल्या, माफ झालं म्हणतात,
माझं किती झालं?
यादी चाळली. नळ नाही म्हणून मीटर नाही,
मीटर नाही म्हणून ती नाही.
टँकरवाल्याला ड्रममागे चाळीस रुपये देते.
तिनं तांब्या पुढे केला, मी दोनच घोट घेतले.

मग एक बिल तरी दे ना, शून्याचं दे.
पोराच्या शाळेत पत्त्याचा पुरावा मागतात.

तळाशी एक कोरं निघालं, छपाईत चुकलेलं,
ना नाव, ना रक्कम.
पोरानं अक्षरं जुळवत खालची ओळ वाचली:
मुदतीत न भरल्यास नळजोड तोडण्यात येईल.

चांगुणा पदर तोंडाला लावून हसत सुटली.
या की, म्हणाली, तोडायला तरी या.
मग तो कागद चारदा दुमडून
पेठच्या रेशनकार्डात ठेवला.