पाणी निवेपर्यंत

कुवेतला जूनमध्ये गार पाण्याचा नळ
नावापुरता गार.
गच्चीवरची टाकी दिवसभर तापते, रात्री विसरत नाही,
विसण म्हणून घालावं तेही ऊनच.
हे मला ठाऊक आहे. सहा वर्षं इथे अंघोळ करते मी.

तरी काल टाकी भरायची राहिली.
महिन्याचं मोजमाप आज होतं, आणि ही काचेसारखी चौकोनी टाकी
आदल्या रात्रीच भरून ठेवायची असते,
म्हणजे पाणी खोलीसारखं होतं.
काल धूळ उठली, शेवटची बस निघाली होती,
म्हटलं, पहाटे भरू.

पहाटे चार. तळघर.
माणूस झोपतो त्या टेबलावर पाणी ठेवलं,
पाण्यात दहा सेंटिमीटर खोल
बोटाच्या पेराएवढी हवेची कुपी,
जाड दार ओढून बाहेर आले, किरण सोडले.
साडेतीन टक्के कमी.
पुन्हा.
साडेतीन.

साडेतीन टक्के आपण भाजीवाल्याला सोडून देतो.
इथे यंत्र खरंच कमी देत असेल
तर गाठीच्या कडेला काहीतरी जिवंत राहतं.
आणि यंत्र ठीक असून मी चढवलं
तर ज्याचा घसा आधीच सोललाय
त्याला रोज साडेतीन जास्त, तेहतीस दिवस.
चढवायला स्क्रूसुद्धा पिळावा लागत नाही.
चार कळा दाबायच्या.

साडेसहाला शायनी कुरियन डोकावली.
"मॅडम, अकरा जण बसलेत. पहिला नोखदा."
आमच्याकडे त्याला नाखवा म्हणाले असते.
त्याच्याशी मी कधी बोलले नाही, त्याला कापांनी ओळखते:
एकशे चाळीस काप, तीन-तीन मिलिमीटरचे.
मणका. जबडा. लाळेच्या दोन ग्रंथी,
उजवी पूर्ण वाचवली,
डावीसाठी तीन दिवस घासाघीस करून अर्धी.
चेहरा पाहिला तोही जाळीच्या मुखवट्यात.

"दहा मिनिटं," म्हटलं. चाळीस लावली.
तारा पाहिल्या. वायुदाब पाहिला,
धुळीनं उतरला होता, पण तो मी धरला होता.
मग काय वाटलं कोण जाणे,
बाही नीट न सारताच कोपर बुडवलं पाण्यात,
तान्ह्याच्या अंघोळीआधी बुडवतात तसं.

ऊन.

कोष्टकात मी बावीस लिहिलं होतं,
खोलीचं, सवयीनं.
तापमापी बुडवली: बत्तीसच्या वर.
ऊन पाण्यात कुपीतली हवा विरळ होते
आणि विरळ हवा कमी मोजते, एवढंच.
बत्तीस लिहिल्यावर साडेतीनचं
शून्य पूर्णांक दोन झालं.
तरी विश्वास ठेवला नाही.
रात्रभर याच खोलीत पडून असलेल्या
प्लास्टिकच्या पाट्या रचल्या, त्यात मोजलं.
यंत्र बरोबर होतं. कालही. परवाही.

म्हणजे आजचं माझं काम हे,
की चार कळा दाबल्या नाहीत.
वहीत त्याला रकाना नाही.
'टाकी उशिरा भरली. तापमान चुकीचं नोंदलं. चूक माझी.'
खाली सही.

बाहेर नोखदा खुर्चीत, काठीवर हनुवटी, वैतागलेला.
आवाजाची नुसती कुजबुज उरलीय,
पण मुंबईची जुनी हिंदी अजून आहे,
खजुराच्या खेपांतली.
माझ्या भिजल्या बाहीकडे पाहून म्हणाला,
"कितना पानी?"

शिशाचा गोळा दोरीला बांधून
यानं रात्री समुद्राचा तळ चाचपला असेल,
ओल्या दोरीवर वाव मोजले असतील.
"दस सेंटीमीटर," मी म्हटलं.
त्याच्या भुवया वर गेल्या.
एवढ्यात नाव रुतते, हे सांगायला
त्याला आवाजाची गरज पडली नाही.
मग शायनीनं त्याला आत नेलं
आणि मुखवट्याच्या खुंट्या एकेक करून बसल्या.
पाचवी जरा घट्ट बसते, ती ऐकू येते.

रात्री दहाला पाणी निवलं. बावीस.
पुन्हा मोजलं, पुन्हा ठीक.
सत्तावीस लिटर, बादलीबादलीनं काढलं.
हे पाणीही समुद्राचंच, मीठ काढून नळाला आलेलं.
नोखदाला उद्या सांगावं का?
त्याचे अजून एकोणीस दिवस आहेत.