तिसऱ्या चौकीवरचा शिपाई

पर्वरीला, अंड्यांच्या ट्रेसारख्या भिंतींच्या खोलीत
ऑल्डननं मला त्रेपन्न वेळा मारलं.
छातीत गोळी. मानेत गोळी.
बॉम्ब लांब फुटला तर. जवळ फुटला तर.
जिन्यावरून पडताना.
पाण्यात, तोंड मिटायच्या आधी.
'अंकल, थोडं कमी नाटकी,' तो काचेपलीकडून म्हणाला,
'माणूस इतका वेळ मरत नाही.'

मी कोरगावचा. सव्वीस वर्षं दहीकाल्यात संकासूर.
आमच्याकडे मरायला पाऊण तास लागतो,
मृदंग दम खातो तेव्हा आपणही खायचा,
आणि मेल्यावर पडद्यामागं चहा असतो,
कुणीतरी पाठीवर थाप मारतं : आज बरा मेलास हां.
इथं सव्वा सेकंद.
पाण्याची बाटली.
पुन्हा.

शेवटी वीस मिनिटं उरली.
ऑल्डन म्हणाला, आता पहाऱ्यावर उभे आहात असं समजा
आणि बोला काहीतरी. कागदावरचं नको.
कुठल्या भाषेत?
कुठल्याही. तो देश तसाही खोटाच आहे.
मी काय बोललो ते घरी पोचेतो विसरलो.
पैसे आले, त्यातून मिक्सर आला.

म्हापशाला बहिणीकडे गेलो तेव्हा
गौरांग गेम उघडूनच बसला होता.
बर्फाचा डोंगर, मोडकं रेडिओघर, आणि एक कॅप्टन.
कॅप्टनला नाव, बायको, रुसलेली मुलगी,
खिशात दुमडलेलं पत्र, पावसाळी स्वप्नं,
सगळी गोष्ट त्याच्या एकट्याच्या वाट्याला.
आम्हाला हेल्मेट.
तिसऱ्या चौकीवर मी पडलो.
'मामा! हा तूच ना?'
ओळख पटावी म्हणून त्यानं मागं जाऊन मला पुन्हा मारलं.
'सतरा नंबरचा,' मी म्हटलं. 'चांगला आला होता तो.'
आतून बहीण ओरडली, आवाज बारीक करा रे,
खालचे कामत आजारी आहेत.

रात्री पोरगा निजल्यावर कंट्रोलर घेतला.
मला बंदूक चालवता येत नाही.
उजवीकडे बघावं तर आभाळच दिसतं.
दोनदा मी माझ्याच हातून मेलो.
तिसऱ्यांदा ओंडक्यामागं बसलो
आणि उठलोच नाही.
कोपऱ्यात अक्षरं : चौकी ताब्यात घ्या.
लुकलुकली, लुकलुकली, मग तीही कंटाळली.
बर्फ पडत राहिला.
मग त्यानं बंदूक खांद्यावरून उतरवली,
तळवे चोळले, बुटाच्या टोकानं जमीन उकरली
आणि माझ्या आवाजात म्हणाला,
'पेज निवली आसतली मरे.'
दुसराही मीच, जरा घोगरा :
'निवूं दी. सुकीं सुंगटां आसात.'

इतकंच.
आठ मिनिटांनी पुन्हा पेज निवली.
पुन्हा सुंगटं.
मी तिसऱ्या खेपेपर्यंत बसलो, मांडी मोडून,
पाय बधिर झाला तरी,
जणू मी हललो तर त्यांना चाहूल लागेल.

सकाळी गौरांगला सांगितलं.
त्यानं हा गेम तीनदा संपवला होता,
कॅप्टनची मुलगी शेवटी काय म्हणते तेही पाठ होतं,
पण हे नाही. 'थांबायचं कशाला? पॉइंट मिळतात?'
तरी थांबला. नखं खाल्ली. मोबाइल बघितला.
आणि ऐकू आलं तेव्हा खदखदून हसला, 'सुंगटां!'
मग हसता हसता गप्प झाला.
'मामा, हे दोघं मेल्याशिवाय दार उघडत नाही.
कॅप्टन पुढं जातच नाही.'
'ठाऊक आहे,' मी म्हटलं,
'पहाटे पेटारा भरायचाच असतो.'

बराच वेळ त्याचा अंगठा नुसता बटणावर होता.
मग आवाज आला.
बारा नंबरचा.
तो मला कधीच जमला नव्हता.